पीटर्सबर्गला निघताय? आधी वार बघा

सेंट पीटर्सबर्गला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा थंडीची आणि दुसरी जेवणाची. माझ्या यादीत मात्र पहिली ओळ वारांची असते. एका मंगळवारी बंद दारापुढे उभं राहून मी हे शिकलो. सोमवारी हर्मिटेज हे मोठं कलासंग्रहालय बंद, कुन्स्टकामेरा हे जुनं संग्रहालय बंद, आणि शहराबाहेरच्या पीटरहॉफचा मोठा राजवाडाही बंद. मंगळवारी रशियन म्युझियम आणि पुश्किन गावातला कॅथरीन पॅलेस. बुधवारी सेंट आयझॅक कॅथीड्रल आणि रक्षणकर्त्याचं ते रंगीबेरंगी घुमटांचं चर्च. शिवाय महिन्यातून एक जादा सुट्टी ‘सॅनिटरी डे’ म्हणजे साफसफाईचा दिवस म्हणून असते, तीही प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दिवशी. म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी वहीत सात रकाने आखा आणि कोणत्या वारी काय उघडं आहे ते भरा. सोमवार रशियन म्युझियमला द्या. रेपिनचे व्होल्गाकाठचे बोट ओढणारे मजूर आणि आयवाझोव्स्कीची ‘नववी लाट’ तिथे आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो; किती दिवस राहता येतं ते नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरतानाच वाचा. प्रवासविमा घ्या. उतरल्यावर मिळणारं मायग्रेशन कार्ड परत निघेपर्यंत पासपोर्टात जपा. हॉटेलवाल्यांना मुक्कामाची नोंदणी करायला सांगा. युद्धामुळे शहराचा पुल्कोवो विमानतळ मधूनच काही तास बंद ठेवतात आणि मोबाइल इंटरनेटही जातं. म्हणून पुढच्या विमानाआधी भरपूर मोकळा वेळ ठेवा आणि शहराचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनाही निघण्याच्या आठवड्यात एकदा बघा.

पैसे रोखच न्यायचे. भारतात काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरोच्या कोऱ्या, न मुडपलेल्या नोटा घ्या. त्या दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवा; आईने पदराला गाठ मारायची पद्धत काही उगाच नव्हती. तिकिटांचा अंदाज बांधताना एक लक्षात असू द्या: आयझॅकच्या आतलं तिकीट वेगळं आणि वरच्या सज्जाचं वेगळं. २६२ पायऱ्या आहेत, गुडघ्यांना विचारूनच घ्या. पीटरहॉफला तर बाग, राजवाडा आणि प्रत्येक छोटं संग्रहालय यांचं वेगवेगळं तिकीट लागतं.

निघण्याआधी दोन संध्याकाळी रशियन अक्षरांना द्या. भाषा येण्याची गरज नाही, पाट्या वाचता आल्या तरी खूप झालं. इंग्रजी पी दिसतो तो ‘र’, सी दिसतो तो ‘स’, एच दिसतो तो ‘न’, बी दिसतो तो ‘व’. एवढ्यावर निम्मं शहर उलगडतं. ‘वखोद’ म्हणजे आत, ‘व्हीखद’ म्हणजे बाहेर, ‘कासा’ म्हणजे तिकीट खिडकी. मेट्रोत हे फार उपयोगी पडतं. हर्मिटेजजवळचं अॅडमिरल्टेइस्काया स्टेशन सुमारे ८६ मीटर खोल आहे. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं आणि खाली काय आहे याचा विचार करायचा नाही.

आता हर्मिटेज. १७६४ मध्ये कॅथरीन दुसरीने बर्लिनच्या एका व्यापाऱ्याकडून चित्रं घेतली, तिथून हा संग्रह सुरू झाला. आज वस्तू तीस लाखांवर आहेत. ‘सगळं बघू’ म्हणणारा माणूस तिसऱ्या तासाला बाकावर बसून फक्त पाय बघत असतो. घरूनच दहा नावं कागदावर लिहून न्या. जॉर्डन जिना, मोराचं सोनेरी घड्याळ, लिओनार्दोच्या दोन मॅडोना, आणि रेम्ब्रांटचं दालन. तिथल्या ‘डॅनाए’ या त्याच्या चित्रावर १९८५ मध्ये एकाने सुरी चालवली आणि अॅसिड फेकलं होतं, दुरुस्तीला बारा वर्षं लागली. जवळ जाऊन बघा. बहुतेकांची चूक होते ती फ्रेंच चित्रकार मातिसच्या बाबतीत. ‘नृत्य’ हे त्याचं चित्र हिवाळी राजवाड्यात, म्हणजे हर्मिटेजच्या मुख्य इमारतीत, शोधू नका. ते आणि इम्प्रेशनिस्ट चित्रकार चौकापलीकडच्या जनरल स्टाफ इमारतीत चौथ्या मजल्यावर आहेत. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस काढा.

हिवाळी राजवाड्याची एक गोष्ट आधी वाचून जा. लेनिनग्राडचा, म्हणजे तेव्हाच्या पीटर्सबर्गचा, जर्मन सैन्याने घातलेला वेढा ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, म्हणजे ८७२ दिवस चालला. संग्रहालयातल्या दहा लाखांवर वस्तू रेल्वेने उरल भागातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात हलवल्या होत्या. चित्रांच्या चौकटी मात्र भिंतीवरच रिकाम्या टांगून ठेवल्या होत्या. हे माहीत असलं की त्या सोनेरी चौकटी वेगळ्या दिसतात. नेव्स्की रस्त्यावर १४ क्रमांकाच्या घरावर निळी पाटी आहे: तोफांचा मारा चालू असताना रस्त्याची ही बाजू जास्त धोक्याची. गाइड नसेल तर ती सहज सुटते.

ऋतूचं बोलायचं तर पीटरहॉफची कारंजी साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालतात. पंप नाही, वीस किलोमीटरवरच्या रोप्शाच्या उंचवट्यावरून पाणी उताराने येतं. कारंजी हवी असतील तर हिवाळ्यात जाऊ नका. जूनमध्ये गेलात तर झोपताना डोळ्यांवर बांधायला पट्टी हवी, कारण रात्र होतच नाही. आणि पूल! मध्यरात्रीनंतर नेवा नदीवरचे पूल जहाजांसाठी वर उचलतात, म्हणजे पलीकडे जाता येत नाही, आणि मेट्रोही बंद असते. हॉटेल नदीच्या कोणत्या बाजूला आहे ते पाहूनच फिरा.

शाकाहारींनी चिवडा-लाडू घ्यावेतच, पण बोर्श्ट या बीटाच्या सूपमध्ये मांस आहे का हे आधीच विचारून घ्यावं. ग्रेच्का, म्हणजे आपला कुट्टू, बहुतेक खानावळीत मिळतो.

शेवटची तयारी आदल्या रात्रीची. संग्रहालयात कोट घालून आत सोडत नाहीत, तो ‘गार्देरोब’मध्ये, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत, द्यावा लागतो. तिथल्या आजीबाई कोट आतल्या नाडीने खुंटीला अडकवतात, आणि नाडी नसली तर कोटाकडे नाही, तुमच्याकडे बघतात. तेव्हा सुई-दोरा काढा आणि घरातल्या प्रत्येक कोटाच्या कॉलरला आतून एक घट्ट नाडी शिवून टाका.