जहाजाचं स्लज उचलायचा धंदा वाढवायचाय? आधी पाण्याचा हिशोब करा

न्हावा शेवा आणि मुंबई पोर्टच्या पट्ट्यात एखादा टँकर, दोन टाक्या आणि ओळखीचा शिपिंग एजंट एवढ्यावर जहाजावरचा तेलकट गाळ (स्लज) उचलून त्यातलं तेल विकायचा हा धंदा सुरू होतो, पण मग तिथेच अडकतो, आणि का अडकला विचारलं तर उत्तर ठरलेलं, माल मिळत नाही. मला हे पटत नाही. माल मिळतो हो, मालातलं पाणी कुठे घालवायचं ते कोणी ठरवलेलं नसतं.

जहाजावर हेवी फ्युएल प्युरिफायरमधून काढतात, त्याचा गाळ स्लज टँकमध्ये जातो. इंजिनरूमच्या तळाला साचतं ते तेलकट पाणी म्हणजे बिल्ज. मार्पोल म्हणजे जहाजांच्या प्रदूषणावरचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या अ‍ॅनेक्स १ प्रमाणे १५ पीपीएमच्या (दहा लाखात १५ भाग) वर तेल असलेलं बिल्ज समुद्रात सोडता येत नाही आणि स्लज तर अजिबातच नाही, म्हणजे जहाजाला हे कुठेतरी द्यावंच लागतं. आता समजा तुम्ही १० केएल (म्हणजे १०,००० लिटर) उचललं आणि त्यात ४० टक्के पाणी निघालं, तर ते ४ केएल घाण पाणी आता तुमचं झालं, ते ईटीपीतून (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) काढायचा खर्च तुमचा, टँकरचं भाडं तर पूर्ण १० केएलचं. त्यामुळे वाढवायचं म्हणजे आधी ईटीपी वाढवा, टाक्या नंतर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, नवीन टाकी लांबून दिसते ना!

रेट ठरवायच्या आधी सॅम्पल घ्या, वरचं, मधलं, तळाचं असं तिन्ही. वॉटर पेस्ट लावून रॉड सोडला की पाण्यापर्यंत पेस्टचा रंग बदलतो, पण ते फक्त खाली सुटून बसलेल्या पाण्याचं, तेलात घुसळलेलं पाणी पेस्टला दिसत नाही, ते लॅबमध्ये डीन-स्टार्क टेस्ट (तेल उकळून त्यातलं पाणी वेगळं मोजतात) लावून कळतं, त्यामुळे नुसत्या रॉडवर सौदा करू नका, एजंट कितीही घाई करो.

मग पेपर. स्लज आणि स्लॉप (टाक्यांमधलं तेलमिश्रित पाणी) हे २०१६ च्या हॅझार्डस वेस्ट रुल्समध्ये 'वेस्ट ऑइल'मध्ये येतं, एमपीसीबीचं (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) कन्सेंट आणि ऑथोरायझेशन दोन्ही लागतं, आणि ऑथोरायझेशनमध्ये जेवढी क्वांटिटी लिहिलीय तेवढीच उचलायची. म्हणजे वाढीचा खरा आकडा त्या कागदावर असतो, अर्ज आधी टाका, टँकरचं लोन मागून. फॉरेन जहाज असेल तर कस्टम्स आहेच, शिवाय पोर्टची परवानगी. डीजी शिपिंगच्या स्वच्छ सागर या जहाजांच्या कचऱ्यासाठीच्या पोर्टलवरही जाऊन बघा. माल यार्डात ९० दिवसांच्या वर ठेवायचा नाही, त्यामुळे भाव वाढेल म्हणून दाबून ठेवायचा विचार डोक्यातून काढा. मॅनिफेस्ट म्हणजे मालासोबत जाणारा फॉर्म १०, त्याच्या सात रंगांच्या कॉपी असतात, त्यातली गुलाबी तुमच्याकडे राहते, निळी ज्याने माल दिला त्याला परत पाठवायची, आणि ही निळीच लोक विसरतात.

उचलायच्या दिवशी होज लावताना फ्लँज (पाइप जोडायची चकती) बघा. मार्पोलचा स्टँडर्ड फ्लँज बाहेरून २१५ मिमी, बोल्ट सर्कल १८३ मिमी, सहा बोल्ट २० मिमीचे. तुमच्याकडे हा अ‍ॅडॅप्टर आणि चांगलं गॅस्केट नसेल तर चीफ इंजिनिअर डेकवर उभा राहून घड्याळ बघत बसतो आणि पुढच्या वेळी एजंट दुसऱ्याला फोन करतो. काम झाल्यावर रिसीट लगेच द्या, क्वांटिटी, तारीख, वेळ स्पष्ट लिहून, कारण ती जहाजाच्या ऑइल रेकॉर्ड बुकसोबत (तेलाची नोंदवही) ठेवतात आणि पुढच्या पोर्टला इन्स्पेक्टर तीच मागतो. आकडा 'अ‍ॅडजस्ट' करून मागणारे भेटतील, त्यांना सरळ नाही म्हणा, असा एक कागद पकडला गेला तर तुमचे आधीचे सगळे कागद संशयात येतात.

यार्डात स्टीम कॉइलने ७०-८० डिग्रीपर्यंत गरम करा, डिमल्सिफायर (तेल आणि पाणी वेगळं करणारं केमिकल) टाका आणि सेटल होऊ द्या. घाईने १०० च्या वर नेऊ नका, तळाला राहिलेल्या पाण्याची वाफ झाली की अख्खी टाकी उसळून बाहेर येते. गरम करण्याआधी फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) काढा, स्लॉपमध्ये नाफ्था किंवा पेट्रोलचा अंश असला तर २३ डिग्रीच्या खालचा क्लास ए माल होतो आणि मग पेसोचा (स्फोटक-ज्वलनशील मालाचं सरकारी खातं) सगळा हिशोबच बदलतो. खाली उरलेला गाळ टीएसडीएफला (घातक कचऱ्याची विल्हेवाट लावायची जागा) पाठवायचा, आपल्याकडे ते तळोज्याला आहे.

विकताना एक मोह होतोच, जहाजाचं तेल जहाजालाच बंकर (जहाजाचं इंधन) म्हणून परत विकू. नको. आयएसओ ८२१७ या जहाजाच्या इंधनाच्या स्टँडर्डमध्ये कॅल्शियम ३० पीपीएमच्या वर आणि सोबत झिंक किंवा फॉस्फरस १५ च्या वर आलं की त्यात वापरलेलं ल्यूब ऑइल (इंजिनचं वंगण) आहे असं धरतात. २०२२ मध्ये सिंगापूरला क्लोरीनवाली केमिकल्स मिसळलेलं फ्युएल सुमारे २०० जहाजांना गेलं होतं, कित्येकांचे पंप आणि इंजिनं बिघडली, तेव्हापासून बंकर घेणारे फार बारकाईने टेस्ट करतात. आपला गिऱ्हाईक म्हणजे भट्टीवाला, तोही ज्याच्या कन्सेंटमध्ये हे इंधन लिहिलेलं आहे असाच, आणि माल त्याच २०१६ च्या रुल्समधल्या शेड्यूल ५ च्या भाग बी मध्ये बसला पाहिजे.

शेवटचं म्हणजे ल्यूब ऑइल. इंजिनचं काढलेलं ल्यूब स्लजमध्ये ओतू नका, वेगळ्या ड्रममध्ये मागून घ्या, सेकंड इंजिनिअरला आधी सांगून ठेवलं तर तो देतो. हे 'यूज्ड ऑइल', याची री-रिफायनिंग होते, म्हणजे शुद्ध करून परत वापरता येतं. १ एप्रिल २०२४ पासून यूज्ड ऑइलला ईपीआर (रीसायकलिंगची जबाबदारी बनवणाऱ्यावर) लागू आहे, बेस ऑइल (ल्यूबचं मूळ तेल) बनवणाऱ्या कंपन्यांना रजिस्टर्ड रीसायकलरकडून सर्टिफिकेट घ्यावी लागतात, म्हणून कागदासकट आलेल्या ल्यूबला री-रिफायनर आता जास्त विचारतात. स्वतः री-रिफायनिंगमध्ये उतरणार असाल तर अ‍ॅसिड-क्लेवाला (आम्ल आणि मातीने तेल साफ करणारा) जुना प्लँट कोणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्या प्रोसेसला परवानगी मिळत नाही.