पहिली बिदागी घेण्याआधी

मी नाशिकरोडला राहतो. गातो, पेटी वाजवतो, तबलजी आला नाही तर तबल्यावरही बसतो. जन्मापासून दिसत नाही. तुझ्यासारखी दृष्टी नसलेली पोरं विचारतात, "दादा, कार्यक्रम करायचेत, सुरुवात कुठून करू?"

आधी पट्टी ठरव, म्हणजे तुझा 'सा' पेटीच्या कुठल्या सुरावर ते. कुठेही गेलास तरी पहिला प्रश्न तोच येतो, आणि तिथे अडखळलास की तबलजी मनातल्या मनात तुला नवखा ठरवतो. पेटीवर बोटं फिरव. काळ्या पट्ट्या कधी दोन, कधी तीन अशा लागतात. दोघींच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक, दोघींतली पहिली ती काळी एक. तिघींतली मधली काळी चार. पट्टी सकाळी तपासू नकोस, कार्यक्रम संध्याकाळी असतात. मंद्र पंचम (खालचा प) आणि तार मध्यम (वरचा म) दोन्ही न ओरडता लागले, तर ती तुझी.

कीबोर्डची बटणं सपाट असतात. पट्टी बदलणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटणावर आईची मखमली टिकली चिकटव. घामाने सुटते, म्हणून अख्खं पाकीट जवळ असू दे. गंगापूर रोडच्या एका साखरपुड्यात माझी टिकली निसटली आणि मी अर्धा सूर वर गेलो. गायिका किती चिडली, ते मला तिच्या पुढच्या तानेत ऐकू आलं.

गाणं बसवताना टॉकबॅक (पडद्यावरचं बोलून दाखवणारी मोबाइलची सोय) लावून यूट्यूबचा वेग ०.७५ वर आण आणि दोन-दोन ओळी घे. मी शब्द ब्रेलमध्ये उतरवतो, पण फक्त घरासाठी. मंचावर एक हात पट्ट्यांवर, दुसरा भात्यावर, मग वाचणार कशाने? पाठांतराला पर्याय नाही.

तबला जुळवायला तरी शीक. गजऱ्यावर (तबल्याच्या तोंडाभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) हातोडी वरून मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. एक जागा जुळली की तिच्या बरोबर समोरची घे. हे सगळं कानाचं काम आहे, आणि दोन वाद्यं येणाऱ्याला सुरुवातीला बोलावणी जास्त येतात. नाशिकचा म्हटल्यावर बाहेरगावी "ढोल वाजवता का?" असंही विचारतात. हसून सोडून दे.

कार्यक्रमाला तासभर आधी पोच. मंचाची कड हाताने चाचप, तिथून बैठकीपर्यंतची पावलं मोज. न्यायला येणाऱ्याला सांग, "तुम्ही माझा हात धरू नका, मी तुमचं कोपर धरतो." माइक तोंडापासून चार बोटं.

निवेदकाला तुझी ओळख तूच तीन ओळींत लिहून दे, नाहीतर तो "दृष्टी नसूनही" सुरू करतो. माझ्या वेळी एकाने थेट थोर शास्त्रीय गायक विष्णू दिगंबर पलुस्कर काढले. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे आपल्या पंचवटीत रामनाम आधाराश्रम उभारला. सगळं खरं. पण त्यानंतर मला एक साधं भावगीत म्हणायचं होतं!

आता पैसे. रक्कम आधीच फोनवर ठरव आणि पाकीट देणाऱ्यासमोरच उघड. लाजू नकोस. नव्या नोटांत १०० ची लांबी १४२ मिलिमीटर, २०० ची १४६, ५०० ची १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक बोटांना सरावाने कळतो. कडेच्या उठावदार रेषाही चाचप: शंभरला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन वर्तुळं, पाचशेला पाच. नोट मळली की त्या लागत नाहीत, तेव्हा लांबीच खरी. रिझर्व्ह बँकेचं नोटा ओळखणारं 'मनी' अॅप २०२० पासून आहे, पण कार्यक्रम संपेपर्यंत मोबाइलची बॅटरी कुणाची उरते?

माझी पहिली बिदागी पाचशे ठरली होती. पाकीट मी घरी येऊन उघडलं. शंभराच्या चार नोटा निघाल्या. सोबत नारळ दिला होता, तो मात्र चांगला मोठा होता.