अमेरिकेत एमएसएनचे (नर्सिंगमधल्या मास्टर्सचे) एक-दोन कोर्स नॉन-डिग्री म्हणून घ्यायचे असतील तर

एनक्लेक्स, म्हणजे इथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा, पास होऊन, इकडे येऊन, एक-दोन वर्षं फ्लोअरवर नाइट मारल्या की आपल्या बहुतेक सिस्टर आणि ब्रदर मंडळींच्या डोक्यात एनपी (नर्स प्रॅक्टिशनर) करायचं का हा विषय सुरू होतोच. पण पूर्ण डिग्रीला उडी मारायची तर फी मोठी, नोकरी सोडता येत नाही, मुलं लहान, आणि शाळा-कॉलेज सुटून इतकी वर्षं झाली की अभ्यास जमेल का हीच धाकधूक. अशांसाठी नॉन-डिग्री हा फार चांगला रस्ता आहे आणि आपल्या लोकांना तो माहीतच नसतो म्हणून मुद्दाम लिहितेय. मास्टर्सच्या त्याच वर्गात बसायचं, तोच अभ्यास, तीच परीक्षा, क्रेडिट आणि ग्रेडही मिळते, फक्त तुम्ही डिग्री प्रोग्रामचे विद्यार्थी नसता.

अर्ज तसा सोपा असतो. ऑनलाइन फॉर्म, फी, बॅचलर्सची ट्रान्सस्क्रिप्ट (विद्यापीठाची अधिकृत गुणपत्रिका) आणि चालू आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स, बऱ्याच ठिकाणी निबंध, शिफारसपत्रं वगैरे मागतच नाहीत. आपलं घोडं अडतं ते ट्रान्सस्क्रिप्टवर. भारतातलं बीएस्सी नर्सिंग असेल तर कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन, म्हणजे एकेका विषयाची इथल्या शिक्षणाशी तुलना, लागतं, डब्ल्यूईएस किंवा सीजीएफएनएस (आता ट्रूमेरिट) या संस्थांचं, कॉलेज कुठलं मान्य करतं ते आधी बघा. लायसन्ससाठी नर्सिंग बोर्डाला पाठवलेला रिपोर्ट इथे चालेलच असं नाही. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून कागद निघायला वेळ लागतो, तेव्हा सेमिस्टर तोंडावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम सगळ्यात आधी सुरू करा, घरचं कोणी तिकडे जाऊन पाठपुरावा करणारं असेल तर फारच उत्तम. जीएनएम डिप्लोमावर आलेल्यांना बहुतेक ठिकाणी आधी आरएन टू बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स, करावं लागतं, त्याला शॉर्टकट नाही.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. ग्रीन कार्डवर असाल तर प्रश्नच नाही, एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराचा किंवा मुलांचा व्हिसा) शिकता येतं, एच-वनवर (नोकरीचा व्हिसा) नोकरी सांभाळून शिकता येतं. पण असा एखादा कोर्स दाखवून भारतातून एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येता येत नाही कारण तिथे फुलटाइम शिक्षण लागतं, आणि व्हिजिटर व्हिसावर तर कॉलेजात नाव घालायचंच नाही.

आता कोर्स कुठला घ्यायचा, इथे खरा विचार करा. क्लिनिकलचे कोर्स नॉन-डिग्रीवाल्यांना सहसा मिळत नाहीत. मिळतात ते रिसर्च किंवा एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस, हेल्थ पॉलिसी, थिअरी, इन्फॉर्मॅटिक्स, आणि काही ठिकाणी थ्री पीमधले, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड पॅथोफिजिओलॉजी, फार्माकोलॉजी आणि फिजिकल असेसमेंट. एनपीच करायचं हे पक्कं असेल तर पॅथो घ्या, नसेल तर माझं मत एव्हिडन्स-बेस्ड प्रॅक्टिस, कारण ते एज्युकेशन, लीडरशिप, एनपी सगळीकडे लागतं. आणि घ्यायच्या आधी, पुढे जिथे डिग्री करायची तिथल्या अ‍ॅडव्हायझरला मेल करून विचारा की हा कोर्स ट्रान्सफर होईल का, किती क्रेडिट घेता, किती जुना चालतो. उत्तर लेखी घ्या, फोनवरचं बोलणं नंतर कोणी लक्षात ठेवत नाही. साधारण बी किंवा वरची ग्रेड लागते आणि क्रेडिटवर मर्यादा असतेच, त्यामुळे नॉन-डिग्री करत करत अर्धी डिग्री उरकू असं धरून चालू नका.

पॅथोचा अंदाज यावा म्हणून सांगते. फ्युरोसेमाइड दिलं की पोटॅशियम बघायचं हे आपल्या हातात बसलेलं असतं, पण तिथे लूप ऑफ हेन्लेमध्ये नक्की काय अडवलं जातं, पुढे सोडियम जास्त का पोचतं, अल्डोस्टेरॉन काय करतं, आणि त्यातून पोटॅशियम कसं बाहेर पडतं हे एपीए फॉरमॅटमध्ये (इथल्या लिखाणाची ठरलेली पद्धत) संदर्भांसकट लिहायचं असतं. कोर्स ऑनलाइन असेल तर वर चर्चेच्या पानावर दोन वर्गमित्रांच्या पोस्टला उत्तरं द्यायची, रविवारी रात्री 11:59 ला सगळं बंद. परीक्षेला कॅमेरा फिरवून टेबल, भिंती, सगळी खोली दाखवायला लावतात. आपला अनुभव इथे खूप कामी येतो, जे पेशंट सांभाळले तेच पुस्तकात भेटतात आणि त्याचा जो आनंद होतो तो मला कधी जुना वाटला नाही.

पैशाचं म्हणाल तर नॉन-डिग्रीला फेडरल एड (सरकारी आर्थिक मदत) नाही. हॉस्पिटलचं ट्युइशन रीइम्बर्समेंट, म्हणजे फीची भरपाई, असतं, वर्षाला 5,250 डॉलरपर्यंत त्यावर टॅक्स लागत नाही, पण बरीच हॉस्पिटलं डिग्रीला नाव असेल तरच देतात, म्हणून फी भरायच्या आधी एचआरला विचारा.

रजिस्ट्रेशन डिग्रीवाल्यांचं झाल्यावर उरलेल्या जागांवर होतं, प्रोफेसरची परवानगीही लागू शकते, तर वेटलिस्टला नाव घालून ठेवा आणि पहिल्या आठवड्यात रोज बघत राहा, लोक कोर्स सोडतात. झेपत नाहीये असं वाटलं तर ड्रॉपच्या तारखेआधी निर्णय घ्या, कारण पुढे कुठेही डिग्रीला अर्ज केलात तरी ही ट्रान्सस्क्रिप्ट द्यावीच लागते. आणि सिलॅबसची पीडीएफ पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा, ट्रान्सफरच्या वेळी तीच मागतात आणि कोर्स संपला की लॉगिन बंद होऊ शकतं.