सोंगांच्या मिरवणुकीचा १९व्या शतकातला फोटो हाती लागला तर

ट्रंकेच्या तळाशी असा फोटो निघू शकतो, आपल्या शिमग्याच्या सोंगांचा, नाहीतर बोटीवर नोकरीला असलेल्या कोणी आणलेला इंग्लंडातल्या ऑडफेलोजसारख्या मंडळाचा, ती मंडळी वर्गणी काढून आजारी सभासदांना, विधवांना मदत करायची आणि खांद्यावरून पट्टे घालून निशाणं मिरवायची.

सगळ्यात आधी, ओला फडका अजिबात मारू नका. भिंग घ्या. पातळ कागद पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रंग तपकिरी, उजळ भाग पिवळट आणि भिंगातून कागदाचे धागे दिसले तर तो बहुतेक अल्ब्युमेन प्रिंट, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्यावरचा, पाणी लागलं की खराब होऊ शकतो.

मग पाय बघा. १८८०च्या आधी फिल्मऐवजी रसायन लावलेली काच असायची, ती ओली असतानाच फोटो काढून लगेच धुवायला लागायचा आणि एक्स्पोजर काही सेकंदांचं, त्यामुळे चालती मिरवणूक धूसर यायची. सगळे स्पष्ट असतील तर त्यांना थांबवून उभं केलंय. पुढे कोरड्या काचा आल्या, मग चालती माणसं पण नीट यायला लागली.

आता खरी गंमत रंगांची, इथे घाईने अंदाज बांधू नका प्लीज. त्या काचांना निळा रंग जास्त दिसायचा, लाल जवळजवळ नाहीच. म्हणून संकासुराचा, म्हणजे शिमग्यातल्या एका सोंगाचा, काळा अंगरखा आणि शेजारच्याचा लाल फेटा फोटोत सारखेच काळे, झेंडूची माळ पण काळपट, आणि निळा शेला पांढरा वाटतो. ऑडफेलोजच्या पट्ट्यांचं पण तेच. फोटो बघून नाटकासाठी कपडे शिवणार असाल तर आधी गावातल्या जुन्या माणसांना रंग विचारा, कुठल्या वाडीचं सोंग ते पण तेच सांगतील.

स्कॅन ६०० डीपीआयला, मागची बाजू पण, स्टुडिओचा शिक्का बऱ्याचदा तिथे असतो. स्कॅनर नसेल तर पडवीत सावलीत ठेवून मोबाईलने, फ्लॅश बंद. लॅमिनेशन नको, फेव्हिकॉल तर नकोच. आपल्याकडे जूनपासून बुरशी आणि कसर दोन्ही, म्हणून ॲसिड-फ्री कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, आणि माहिती पाकिटावर पेन्सिलने, फोटो आत घालायच्या आधी लिहा.