फुलासोबत पानाचाही फोटो घ्या

श्रावण-भाद्रपदात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढताना आपण भराभर फुलांचे फोटो काढतो. घरी आल्यावर मात्र पिवळं फूल सोनकीचं होतं की कवल्याचं, हेच कळत नाही. वनस्पती ओळखायला एकटं फूल पुरत नाही. म्हणून एका झाडाचे निदान पाच फोटो घ्या: पूर्ण झाड, फूल समोरून आणि बाजूने, खोडावर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, आणि पानाची मागची बाजू. ही मागची बाजू सगळेच विसरतात. तिथली लव, शिरा यांवरून पुष्कळ उलगडा होतो. आकार कळावा म्हणून शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा.

वाऱ्याने फूल हलत असेल तर छत्री आडवी धरा. स्क्रीनवर फुलावर बोट टेकवून फोकस पक्का करा. ढगाळ उजेड सर्वांत चांगला. कडक उन्हात पांढरी फुलं पार धुऊन निघतात.

ओल्या कातळावर पाऊल जपून टाका. सीतेची आसवं तिथेच उगवतात. बोटभर उंचीची, जांभळट निळी. ही कीटकभक्षी वनस्पती आहे. जमिनीलगतच्या बारीक पिशव्यांत ती सूक्ष्म जीव पकडते. तिच्यासाठी गुडघे टेकायलाच हवेत, पण आधी खाली काही चिरडत नाही ना, ते पाहा.

आणि फूल तोडू नका. कारवी तर साधारण सात वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि वाळून जाते.