जपानी तांदूळ घेताना आधी सड बघा, नाव नंतर

जपानी पांढऱ्या तांदळाचा एक दाणा तळहातावर घेऊन नीट बघा. एका टोकाला कोपरा उडाल्यासारखी बारीक खाच दिसेल. तिथे अंकुर होता. गिरणीत कोंड्याबरोबर तो निघून गेला, आणि तांदळातलं बी-१ जीवनसत्त्व बरंचसं त्याच्याबरोबर गेलं. हे मला दाखवलं जपानमधल्या आमच्या कावासाकीच्या घराजवळच्या तांदळाच्या दुकानातल्या आजोबांनी. त्यांनी तीन वाट्यांमधून तीन दाणे माझ्या हातावर ठेवले. एक तपकिरी, एक फिकट पिवळसर आणि एक पांढराशुभ्र. मधल्या दाण्याच्या कोपऱ्यावर मोहरीच्या कणासारखा पिवळा ठिपका शाबूत होता. त्या दिवसापासून मी तांदूळ घेताना वाण कोशिहिकारी की आकिताकोमाची हे आधी बघत नाही, तांदूळ किती सडलाय, म्हणजे गिरणीत त्याचा किती कोंडा काढलाय, ते बघते.

मला वाटतं, इथे नव्याने आलेल्यांची चूक इथेच होते. पिशवीवर वाणाचं नाव आणि प्रांताचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, म्हणून आपण त्यातच अडकतो. वाणामुळे भाताची चव आणि चिकटपणा बदलतो. पोषणात मात्र दोन वाणांतला फरक फार थोडा असतो, खरा फरक पडतो तो सडण्याने.

जपानी शब्दच आपल्या ओळखीचा आहे. 'गोबुझुकी' (पाच बू सड), 'शिचिबुझुकी' (सात बू सड) यातलं 'झुकी' म्हणजे कांडणं, सडणं. कोंडा अजिबात न काढलेली ती गेनमाई, पूर्ण काढलेला तो हाकुमाई. मधल्या पायऱ्या म्हणजे तीन बू, पाच बू आणि सात बू, म्हणजे दहापैकी तेवढे भाग कोंडा काढलेला. आपल्या हातसडीच्या तांदळाची ही मोजून केलेली आवृत्ती समजा. याशिवाय हाइगामाई असते. तिच्यात कोंडा काढतात पण अंकुर राखतात, आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त दाण्यांवर अंकुर टिकलेला असावा लागतो.

आता आकडे बघू, कारण मला पटलं ते आकड्यांनीच. जपानच्या सरकारी अन्नघटक तक्त्याप्रमाणे १०० ग्रॅम कच्च्या तांदळात बी-१ असं असतं: गेनमाईत ०.४१ मिलिग्रॅम, पाच बूमध्ये ०.३०, सात बूमध्ये ०.२४, हाइगामाईत ०.२३ आणि हाकुमाईत फक्त ०.०८. तंतूंचं (फायबरचं) गणित वेगळं आहे. गेनमाईत ३ ग्रॅम, पाच बूमध्ये १.४, हाइगामाईत १.३, सात बूमध्ये ०.९ आणि हाकुमाईत ०.५. म्हणजे अर्ध्या सडीच्या तांदळात बी-१ जवळजवळ तीन चतुर्थांश टिकतं, पण तंतू निम्म्याहून कमी होतात. कोंडा बाहेरून सोलला जातो, त्यामुळे तंतू आधी जातात.

उष्मांक मात्र सगळ्यांत जवळपास सारखेच, गेनमाईत ३४६ आणि हाकुमाईत ३४२. वजन कमी होईल म्हणून गेनमाईचा वाडगा मोठा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

यातून माझी रोजची रीत ठरली. जीवनसत्त्वांसाठी पाच बूचा तांदूळ, आणि गेलेले तंतू भरून काढायला त्यात मूठभर जव. घरात सगळे आनंदाने खातात, आणि रोजच्या तांदळाची खरी परीक्षा तीच आहे.

मीही सुरुवात थेट गेनमाईने केली होती. पाच किलोची पिशवी आणली आणि पांढऱ्या तांदळासारखी अर्धा तास भिजवून विजेच्या राइस कुकरला लावली. भात वरून टणक, आत कच्चट. मुलीने दोन घास खाऊन ताट सरकवलं आणि रात्री सगळ्यांची पोटं जड झाली. पिशवी तशीच पडून राहिली, आणि जूनच्या पावसाळी हवेत तिच्यात सोंडे झाले. दोष तांदळाचा नव्हता. गेनमाईला किमान सहा तास, खरं तर रात्रभर भिजणं लागतं (उन्हाळ्यात फ्रिजमध्ये), पाणी दीडपट लागतं, आणि कुकरवरचं गेनमाईचं वेगळं बटण दाबावं लागतं. ज्यांना तेवढी सवड आहे आणि चावून खायची सवय आहे, त्यांनी गेनमाई जरूर खावी. लहान मुलं, नाजूक पोटाची माणसं आणि वयस्कर मंडळी असलेल्या घरात सात बूपासून सुरुवात करून महिन्याभराने पाच बूवर या.

गेनमाईच उत्तम असं सरसकट न म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. तांदळात अजैविक आर्सेनिक (एक विषारी घटक) थोड्या प्रमाणात असतंच, आणि ते कोंड्यात जास्त असतं. आंतरराष्ट्रीय कोडेक्स अन्नमानकांतही मर्यादा म्हणूनच वेगवेगळ्या आहेत, सडलेल्या तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि न सडलेल्याला ०.३५. घाबरायचं कारण नाही, पण तिन्ही वेळा फक्त गेनमाई खाण्यापेक्षा तांदूळ आलटून पालटून वापरणं मला शहाणपणाचं वाटतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी गेनमाई सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण तिच्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस जास्त असतं.

जव घालण्याची कल्पना नवी नाही, आणि तिच्यामागची गोष्ट मला मनापासून आवडते. एदो काळात (१६०३ ते १८६८; एदो म्हणजे आजचं टोकियो) शहरातली माणसं पांढरा तांदूळ खाऊ लागली आणि बेरीबेरी (बी-१ च्या कमतरतेने होणारा आजार) पसरली. तिला 'एदोचा आजार'च म्हणायचे. १८६६ मध्ये शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा इएमोची अवघ्या विसाव्या वर्षी गेला, तो याच रोगाने गेला असं मानतात. पुढे रियुजो या प्रशिक्षण जहाजावर ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली आणि २५ दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना संशय आला तो जेवणाचा. १८८४ मध्ये त्यांनी त्सुकुबा हे जहाज त्याच मार्गाने पण बदललेल्या आहारावर पाठवलं, आणि त्यावर बेरीबेरीने एकही माणूस दगावला नाही. त्यानंतर नौदलाच्या ताटात तांदळात मिसळलेले जव आले. बी-१ चा शोध तेव्हा लागायचाच होता. सुझुकी उमेतारो यांनी तांदळाच्या कोंड्यातून तो घटक वेगळा काढला तो १९१० मध्ये.

हे जव म्हणजे मोचीमुगी (चिकट जव) किंवा ओशीमुगी (दाबून चपटे केलेले जव), सुपरमार्केटात तांदळाच्या शेजारीच मिळतात. १०० ग्रॅममध्ये साधारण १२ ग्रॅम तंतू असतात, आणि त्यांत विरघळणारं बीटा-ग्लुकान भरपूर. मोचीमुगी चावायला लुसलुशीत लागते, म्हणून मुलांना मी तीच देते. दोन गो तांदळाला ५० ग्रॅम मोचीमुगी आणि तिच्यासाठी वेगळं १०० मिली पाणी, एवढंच गणित. (एक गो म्हणजे कुकरबरोबर येणारा १८० मिलीचा कप, साधारण १५० ग्रॅम तांदूळ.) पाच बूचा तांदूळ दोनदा हलक्या हाताने धुवायचा, चोळायचा नाही, नाहीतर राखलेला अंकुर धुवणाबरोबर वाहून जातो. एक-दीड तास भिजवायचा, नेहमीच्या रेषेपेक्षा दोन-तीन मोठे चमचे पाणी जास्त घालायचं आणि पांढऱ्या तांदळाच्याच बटणावर लावायचा. झाकण उघडलं की भाजलेल्या दाण्यासारखा मंद वास येतो आणि भात किंचित पिवळसर दिसतो. वरणाबरोबर तो छान लागतोच, पण डब्यातल्या ओनिगिरीलाही (भाताच्या मुटक्यांनाही) धरून राहतो.

आता मिळवायचा कुठे? सुपरमार्केटात पाच बू सहसा दिसत नाही, हाइगामाई दिसते. घाई असेल तर तीच घ्या, तिला कुकरमध्ये वेगळी कसरत लागत नाही. पाच बूसाठी तांदळाचं दुकान गाठायचं. तिथे गेनमाई ठेवलेली असते, आपण सांगू तेवढी सड समोर करून देतात, आणि दोन किलोही देतात. मोठं कुटुंब असेल तर गेनमाईचं पोतं घेऊन रस्त्याकडेच्या नाणं टाकून चालणाऱ्या गिरणीत जा. १० किलोला साधारण १०० येन पडतात, पाच बूचं बटण असतं, आणि साडेनऊ किलोच्या आसपास तांदूळ हातात येतो. पांढरा केला असता तर नऊच किलो आला असता. २०२५ मध्ये पाच किलोचा भाव ४००० येनच्या वर गेला, तेव्हा हे अर्धा किलो मला फार मोलाचं वाटलं.

पिशवी घेताना मागची चौकट वाचा. सडल्याची तारीख किंवा महिन्याचे पहिले, मधले की शेवटचे दहा दिवस ते तिथे असतं, जितकं ताजं तितकं बरं. दाणे खडूसारखे अपारदर्शक दिसले तर तो मोचीचा (कुटून करायच्या चिकट गोळ्यांचा) तांदूळ आहे, रोजच्या भाताचा नव्हे. वाण निवडायचाच असेल तर मिल्की क्वीन किंवा युमेपिरिका हे चिकट, कमी अमायलोजचे (भात मोकळा ठेवणारा स्टार्च कमी असलेले) आणि पचायला झटपट. ज्यांना भात मोकळा आवडतो त्यांनी सासानिशिकी शोधावा. मोड आणलेली गेनमाई मऊ शिजते पण महाग पडते. काळा तांदूळ दोन गोला एक चमचा घातला तरी सगळा भात जांभळा होतो, मुलांना त्याची मजा वाटते.

सडलेला असला तरी पाच बूवर कोंड्याचा थर उरलेला असतो. त्यातलं तेल खवट होतं आणि भाताला जुना वास येतो. म्हणून मी दोन-तीन आठवड्यांत संपेल तेवढाच घेते. पाण्याची रिकामी दोन लिटरची बाटली धुऊन दोन दिवस उलटी ठेवून पूर्ण कोरडी करायची, नरसाळ्याने तांदूळ भरायचा (बारा गो बसतात), बुचावर सडल्याची तारीख लिहायची आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवायची. मोजतानाही सोपं जातं, बाटली कपात कलती केली की झालं.