ठाणे ते नागपूर, मुलांना घेऊन: समृद्धीवरच्या सहलीची आखणी

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सलग झाला. तेव्हापासून ‘आठ तासांत नागपूर’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे. एकट्या माणसासाठी ते खरंही असेल, पण मागे चार आणि आठ वर्षांची दोन मुलं बसलेली असतील तर या हिशेबावर बेत आखू नका. लहान मुलं असतील तर दिवसाला चार ते पाच तासच गाडी चालवायची आणि दर दोन तासांनी किमान अर्धा तास मुलांना मोकळं सोडायचं. त्या हिशेबाने जाताना चार दिवस, नागपुरात एक आणि येताना दोन, असा आठवडा धरा.

हंगामाचं म्हणाल तर दिवाळीच्या सुट्टीपासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मे महिन्याची सुट्टी मोठी असते, पण विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो आणि दुपारी अकरा ते पाच मुलांना कुठेच नेता येत नाही. डिसेंबरात मात्र लोणार-नागपूरकडची पहाट चांगलीच गारठलेली असते. ठाण्याच्या मुलांकडे स्वेटर असला तरी कानटोपी बहुधा नसते, तेवढी घ्या.

वार आधी, हॉटेल नंतर

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. ताडोबाचा गाभा भागही मंगळवारी बंद असतो. म्हणून बुधवारी निघणं सोयीचं. बुधवारी संभाजीनगर किंवा वेरूळला मुक्काम, गुरुवारी वेरूळ आणि दौलताबाद, शुक्रवारी सिंदखेडराजा करून लोणार, शनिवारी सेवाग्राम करून नागपूर. रविवार नागपुरात, सोमवारी परत निघायचं. अजिंठा या फेरीत कोंबू नका. संभाजीनगरहून तो शंभरेक किलोमीटर आहे, खाली गाडी लावून बसने वर जावं लागतं, म्हणजे अख्खा दिवस जातो. मुलं दहाच्या पुढची असतील तर एक दिवस वाढवा.

लोणारला राहण्याच्या खोल्या मोजक्याच आहेत. एमटीडीसीचं निवासस्थान आधी पाहा आणि तिथलं आरक्षण हाती आल्यावरच बाकीच्या तारखा पक्क्या करा. १२ जानेवारीच्या आसपास निघत असाल तर सिंदखेडराजा वगळा, कारण जिजाऊ जयंतीला तिथे प्रचंड गर्दी असते.

टायर

समृद्धीवर कारला १२० किलोमीटरची मर्यादा आहे. घोडबंदर रोडवर जी गाडी कधी ऐंशीच्या पुढे गेलेली नसते, ती इथे सलग दोन तास शंभरने पळते, तीही पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते, तापते आणि शेवटी फाटते. निघण्याच्या आठवडाभर आधी टायर बघून घ्या.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. त्यात दोन आकडे असतात, कमी वजनाचा आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा. आपल्याला दुसरा हवा. हवा टायर थंड असताना, म्हणजे घरापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या पंपावर भरायची. वाटेत तापलेला टायर मोजला की आकडा जास्त दिसतो आणि पंपावरचा पोऱ्या हवा काढून टाकतो. ती काढू देऊ नका, कारण टायर थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेचा ठरतो. नायट्रोजन भरला तरी दाब तपासणं चुकत नाही.

टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक शिक्का असतो. ३२१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांवर गेलेला टायर नक्षी चांगली दिसत असली तरी जाणकाराला दाखवा, कारण रबर कडक होऊन आतून भेगाळलेलं असू शकतं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर टायर बदलायलाच हवा. स्टेपनीतही हवा भरा, हे नेमकं राहून जातं. ती बारीक चाकाची असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ८०, पाळावी लागते. जॅक आणि पाना डिकीच्या तळाशी असतात, त्यामुळे सामान भरताना त्यांच्यावर सगळ्यात जड बॅग ठेवू नका.

कोण कुठे बसणार

मांडीवर मूल घेऊन बसायचं नाही, पुढे तर मुळीच नाही. कायद्याने १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड आहे, पण खरं कारण दुसरं आहे. शंभरच्या वेगात ब्रेक लागला तर आईच्या हातांत मूल धरून ठेवण्याची ताकद उरत नाही. दोन वर्षांपर्यंतचं मूल मागे तोंड करून, त्यापुढचं पुढे तोंड करून बालआसनात, आणि उंची साधारण १४५ सेंटीमीटर होईपर्यंत बूस्टरवर. बूस्टर नसेल तर मोठ्यांचा पट्टा मुलाच्या गळ्यावर आणि पोटावर येतो. तो खांद्यावर आणि कमरेच्या हाडावरच बसायला हवा. आसन बसवल्यावर पट्ट्याजवळ धरून जोरात हलवून बघा. दोन-अडीच सेंटीमीटरहून जास्त हललं तर ते सैल आहे. नवं आसन निदान पंधरा दिवस आधी आणून मुलाला शहरातच त्याची सवय लावा, नाहीतर पडघ्याच्या आतच रडारड सुरू होते. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक चालू करायचंच.

उलटी

गाडी लागण्याचा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतो. डोळ्यांना गाडीचा स्थिर आतला भाग दिसतो, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हालचाल जाणवते, आणि मेंदूचा गोंधळ उडतो. मोबाइल आणि चित्रांची पुस्तकं हा गोंधळ वाढवतात, म्हणून धावत्या गाडीत गाणी, गोष्टी, भेंड्या असं कानाचंच काही ठेवा. मूल उंच बसलं आणि त्याला समोरचा रस्ता दिसला की त्रास कमी होतो. पहाटे निघताना पेलाभर दूध पाजण्याची आपल्याकडची सवय या दिवशी मोडा. कोरडी पोळी, खाकरा किंवा दोन बिस्किटं पुरतात. रिकाम्या पोटीही मळमळतं. गोळी द्यायची असेल तर कोणती, किती आणि निघण्याआधी किती वेळ, हे डॉक्टरांकडून वजनानुसार लिहून घ्या.

पुढच्या सीटच्या मागच्या खिशात एवढं हवंच: झिपच्या दहा मोठ्या पिशव्या, ओला नॅपकिन, पाण्याची बाटली, खाण्याचा सोडा आणि प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक जोड. हा जोड डिकीत टाकू नका. समृद्धीवर कडेला गाडी उभी करून डिकी उघडणं जिवावरचं काम आहे, आणि तिथे तसं थांबायला बंदीही आहे. सीटवर उलटी झालीच तर आधी पुसून घ्या, मग सोडा भुरभुरवून अर्धा तास ठेवा. पाणी ओतलं तर ते फोममध्ये मुरतं आणि वास आठवडाभर जात नाही.

डबा

दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, भडंग, राजगिऱ्याचे लाडू, केळी. बटाट्याची भाजी पहिल्या सहा तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. पाण्याचा पाच लिटरचा कॅन घरूनच भरून घ्या. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापातच पूर्ण विरघळवायची. अर्धी पुडी अंदाजाने पाण्यात टाकली तर मिठाचं प्रमाण चुकतं.

वाट

ठाण्याहून साडेपाचपर्यंत निघा. माजिवडा, साकेत पूल, खारेगाव, माणकोली ते वडपे हा पट्टा सात वाजल्यानंतर तुंबतो. ऐरोली-वाशीकडच्यांनी विटावा-कळवामार्गे खारेगाव गाठावं. खारघर-पनवेलच्या लोकांना तळोजा, शीळफाटा, मुंब्रा बायपास सरळ पडतो, पण तिथे कंटेनरची रांग असते, म्हणून त्यांनी पाचलाच निघावं. वडपे ओलांडून आमणेला समृद्धीवर चढायचं. फास्टॅगमध्ये २,००० रुपये ठेवा, पूर्ण अंतराचा कारचा टोल चौदाशेच्या वर जातो. फास्टॅगचा वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, समृद्धीवर तो चालत नाही. टोल अंतरावर आकारला जातो, त्यामुळे मध्ये उतरून पुन्हा चढल्याने फारसा तोटा होत नाही. मुलांसोबत असताना याचा पुरेपूर फायदा घ्या. टाकी ठाण्यातच भरा, पुढे निम्म्यावर आली की दिसेल त्या पंपावर पुन्हा भरा. सीएनजीच्या भरवशावर जाऊ नका.

इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. मुलांना आधी सांगितलं तर ती वाट बघत बसतात. घरून निघाल्यापासून दोनेक तासांनी सिन्नरच्या इंटरचेंजला उतरा आणि गोंदेश्वराच्या देवळात चला. भोवती चार छोटी देवळं, ऐसपैस मोकळं आवार आणि दगडात कोरलेले प्राणी. मुलांना पळायला याहून चांगली जागा या रस्त्यावर नाही. पुढे माळीवाड्याला उतरलात की दौलताबाद आणि वेरूळ जवळ पडतं.

सरळ, एकसुरी रस्त्यावर ड्रायव्हरला डुलकी लागते, तीही बहुतेक वेळा जेवणानंतर. दोन तासांनी चालक बदला. रात्री गाडी चालवायचीच नाही.

मुक्कामाच्या ठिकाणी

वेरूळला दार उघडताच आत जा आणि आधी १६ क्रमांकाचं कैलास लेणं बघा. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. त्यानंतर १० क्रमांकाचं लेणं दाखवा, तिथल्या कमानदार छताखाली मुलं आपोआप हळू बोलू लागतात. जैन लेणी दूर आहेत, तिथे गाडीने जा. दौलताबादला लहान मुलांना चिनी महालापर्यंतच न्यावं. पुढच्या ‘अंधारी’ नावाच्या काळोख्या भुयारात वटवाघळं आणि निसरड्या पायऱ्या आहेत.

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. खाली उतरायची वाट दगडांची आहे आणि चढून येताना पाच वर्षांचं मूल हमखास उचलून घ्यावं लागतं. सकाळी आठच्या आत उतरा, पायात बूट हवेत. खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका, माकडं झडप घालतात. पाणी खारट आणि क्षारयुक्त आहे, मुलांना त्यात हात घालू देऊ नका. लोणारहून मेहकरला समृद्धीवर चढलात की नागपूर साधारण २८० किलोमीटर उरतं. मध्ये वर्ध्याला उतरून सेवाग्रामची बापू कुटी बघता येते.

येताना जालन्यात मुक्काम केला तर अंतर जवळपास निम्मं-निम्मं होतं. मंगळवारी जालन्याहून सकाळी सातला निघालात तर एकच्या सुमारास वडपे येतं आणि संध्याकाळच्या कोंडीआधी घरी पोहोचता. सिन्नरनंतर मुलांना पाणी बेताने द्या, कारण खारेगाव-माजिवड्याच्या रांगेत अडकलात तर मध्ये कुठे उतरता येत नाही.